सर्व्हर आणि ॲप्लिकेशनच्या मधली जागा

पीएचपीत लिहिलेलं एखादं संकेतस्थळ घरच्या संगणकावर नीट चालतं. तेच भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर चढवलं की ब्राउझरच्या कोऱ्या पानावर एकच ओळ उमटते: फाइल सापडली नाही. फाइल तर जागेवर आहे, नाव बरोबर आहे, वाचायची परवानगीही आहे. लॉगमध्ये ‘प्रायमरी स्क्रिप्ट अननोन’ एवढेच तीन शब्द. शिकणारा मग फाइल इकडून तिकडे हलवतो, परवानग्या ७७७ करून टाकतो, सर्व्हर पुन्हा पुन्हा सुरू करतो. दोष यांपैकी कशातच नसतो. वेब सर्व्हरने दुसऱ्या एका प्रोग्रामला त्या फाइलचा पत्ता कळवला आणि तो पत्ता चुकीचा होता, एवढंच झालेलं असतं. पण इथे दोन वेगळे प्रोग्राम आहेत आणि त्यांचं आपसात ठरलेल्या नियमांनी बोलणं चालतं, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सांगितलेलं नसतं, कारण शिकताना ते दिसत नाही. आपल्याकडचे कितीतरी विद्यार्थी विंडोजवर झॅम्प बसवून सुरुवात करतात. तिथे पीएचपी हे अपाचीच्या पोटातलं मॉड्यूल म्हणून चालतं. सर्व्हर आणि भाषा एकाच प्रोसेसमध्ये असल्यामुळे त्यांच्यात निरोप पोचवावाच लागत नाही. नोकरी लागल्यावर गाठ पडते ती एंजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि पीएचपी चालवणारं पीएचपी-एफपीएम या जोडीशी. इथे मात्र दोघांच्या मध्ये एक सॉकेट असतं, दोघे वेगवेगळ्या युजरच्या नावाने चालू शकतात, दोघांचे लॉग निराळे असतात. या मधल्या जागेत जी भाषा बोलली जाते तिचं नाव फास्टसीजीआय. हे पुस्तक तिच्याविषयी आहे.

या जागेचा इतिहास १९९३ पासून सुरू होतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात रॉब मकूल यांनी एचटीटीपीडी नावाचा वेब सर्व्हर लिहिला. साठवलेली पानं वाचून दाखवणं एवढंच काम सर्व्हरने करावं की मागणीनुसार नवीन पान तयार करून द्यावं, हा प्रश्न तेव्हा नुकता उभा राहिला होता. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे सीजीआय. विनंतीची माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये भरायची, फॉर्ममधला मजकूर स्टँडर्ड इनपुटवर द्यायचा आणि प्रोग्राम स्टँडर्ड आउटपुटवर जे लिहील ते ब्राउझरला पाठवायचं. यात भाषेची अट कुठेच नाही. सी चालेल, पर्ल चालेल, शेल स्क्रिप्टही चालेल. लिंकन स्टाइन यांच्या सीजीआय डॉट पीएम या मॉड्यूलने पर्लला त्या काळात घराघरात नेलं. गंमत म्हणजे हा करार आरएफसी ३८७५ म्हणून रीतसर लिहून निघाला तो २००४ साली, सगळं जग तो दहा वर्षं वापरून झाल्यावर.

सीजीआयचं दुखणं सर्वांना माहीत आहे. प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस उभी करायची, भाषेचा इंटरप्रिटर लोड करायचा, डेटाबेसची जोडणी उघडायची आणि उत्तर दिलं की सगळं मोडून टाकायचं. खानावळीत दर गिऱ्हाइकाला चूल नव्याने पेटवावी तसं हे होतं.

त्यावर दोन मार्ग निघाले, आणि आजवरचे सगळे पंथ या दोहोंतूनच फुटलेले आहेत. पहिला मार्ग ॲप्लिकेशनला सर्व्हरच्या पोटात घेण्याचा. नेटस्केपने एनएसएपीआय काढलं, मायक्रोसॉफ्टने आयएसएपीआय, आणि अपाचीसाठी मॉड-पर्ल आणि मॉड-पीएचपी तयार झाली. वेग खूप वाढला, पण त्याची किंमतही मोजावी लागली. ॲप्लिकेशन कोसळलं की सोबत सर्व्हरची प्रोसेसही जाते. सर्व्हर ज्या युजरच्या नावाने चालतो त्याच नावाने सगळ्यांची ॲप्लिकेशन्स चालतात, म्हणजे एकाच यंत्रावर दहा जणांची संकेतस्थळं असतील तर ती एकमेकांच्या फाइली वाचू शकतात. आणि साधं चित्र पाठवणारी अपाचीची प्रोसेससुद्धा अख्खा पर्ल पोटात घेऊन बसते.

दुसरा मार्ग मॅसॅच्युसेट्समधल्या ओपन मार्केट या कंपनीने १९९६ साली मांडला. मार्क ब्राउन यांनी लिहिलेल्या फास्टसीजीआयच्या पहिल्या आवृत्तीवर २९ एप्रिल १९९६ ही तारीख आहे. कल्पना साधी होती: ॲप्लिकेशन बाहेरच ठेवायचं, पण मरू द्यायचं नाही. एकदा सुरू झालेली प्रोसेस सॉकेटवर कान देऊन बसते आणि एकामागून एक विनंत्या घेत राहते. सीजीआयमध्ये जी माहिती व्हेरिएबल्समधून मिळत होती तीच आता सॉकेटवरून, छोट्या छोट्या रेकॉर्डमध्ये बांधून येते. प्रत्येक रेकॉर्डच्या आरंभी आठ बाइटचा मथळा असतो. त्यात आवृत्ती, रेकॉर्डचा प्रकार, विनंतीचा क्रमांक, मजकुराची लांबी आणि भरतीच्या बाइटची संख्या असते. लांबीला दोनच बाइट दिलेले असल्यामुळे एका रेकॉर्डमध्ये ६५,५३५ बाइटपेक्षा जास्त मजकूर मावत नाही. मोठा मजकूर अनेक रेकॉर्डमध्ये येतो आणि शेवटी एक रिकामा रेकॉर्ड ‘संपलं’ म्हणून सांगतो. एरर संदेशांसाठी प्रवाह वेगळा ठेवला आहे, त्यामुळे प्रोग्रामची कुरकुर वाचकाच्या पानात मिसळत नाही. एवढा आटोपशीर प्रोटोकॉल आहे की एखाद्या विद्यार्थ्याने तो दोन-तीन संध्याकाळी बसून स्वतः लिहून बघावा.

त्यात न वापरलेल्या खोल्याही आहेत. एकाच जोडणीवरून अनेक विनंत्या एकाच वेळी चालवता याव्यात म्हणून विनंतीला क्रमांक दिला गेला, पण ही सोय फारशी कुणी उचलली नाही. एंजिनएक्स तर प्रत्येक विनंतीला १ हाच क्रमांक देतो. उत्तर देणाऱ्या प्रोग्रामखेरीज परवानगी तपासणारा आणि मजकूर गाळणारा अशा आणखी दोन भूमिका मूळ आराखड्यात आहेत. त्याही जवळजवळ पडूनच राहिल्या.

फास्टसीजीआयचं कौतुक नेहमी वेगासाठी होतं. मला त्याचं मोल दुसरीकडे दिसतं. त्याने सर्व्हरचं म्हणणं आणि पाहुण्याचं म्हणणं वेगळं ठेवलं. ब्राउझरने पाठवलेलं जवळजवळ प्रत्येक हेडर ॲप्लिकेशनपर्यंत पोचताना त्याच्या नावाआधी ‘एचटीटीपी’ हा उपसर्ग लागतो. सर्व्हरला स्वतःला माहीत असलेल्या गोष्टी, म्हणजे विनंती कोणत्या आयपी पत्त्यावरून आली, जोडणी सुरक्षित आहे का, लॉगिन कोणाचं झालं, या उपसर्गाशिवाय येतात. ऐकीव काय आणि सर्व्हरने स्वतः पाहिलेलं काय, हे ॲप्लिकेशनला नावावरूनच कळतं. ही वाटणी मूळ सीजीआयची आहे, पण लांबच्या यंत्रावर बसलेल्या ॲप्लिकेशनपर्यंत ती शाबूत नेण्याचं काम फास्टसीजीआयने केलं. या पुस्तकात सांगितलेल्या बहुतेक अडचणींची मुळं या वाटणीपाशी जाऊन पोचतात.

ती कशी बिघडते याचं धडधडीत उदाहरण २०१६ च्या जुलैमध्ये ‘एचटीटीपॉक्सी’ या नावाने गाजलं. ‘प्रॉक्सी’ नावाचं हेडर कोणीही पाठवू शकतो, आणि उपसर्ग लागल्यावर त्याचं जे नाव होतं नेमकं त्याच नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल अनेक लायब्ऱ्या ‘बाहेर जाणाऱ्या विनंत्या कुठून पाठवायच्या’ हे ठरवण्यासाठी वाचत होत्या. म्हणजे परक्या माणसाने एक हेडर धाडावं आणि तुमच्या ॲप्लिकेशनची बाहेरची ये-जा आपल्या यंत्रावरून वळवून घ्यावी! पर्लच्या एलडब्ल्यूपी या लायब्ररीत हा धोका २००१ मध्येच लक्षात येऊन दुरुस्त झाला होता. इतर कितीतरी जणांच्या ध्यानात यायला पंधरा वर्षं गेली. उपाय मात्र सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमधली एक ओळ: ते हेडर आत येऊच द्यायचं नाही.

आता वेगवेगळ्या सर्व्हरकडे वळू. फास्टसीजीआय एकच असलं तरी प्रत्येक सर्व्हरचा स्वभाव निराळा, आणि पहिला फरक पडतो तो ॲप्लिकेशनची प्रोसेस कोणी सुरू करायची यावर. इगोर सिसोयेव यांनी २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला एंजिनएक्स या भानगडीत पडत नाही. सॉकेट कुठे आहे ते सांगा, मी निरोप देतो, प्रोसेस तुम्ही सांभाळा. यान क्नेश्के यांचा २००३ चा लाइटटीपीडी दोन्हीला तयार असतो: सांगितलं तर स्वतः प्रोसेस उभ्या करतो, नाही तर आधीच चालू असलेल्या प्रोसेसशी बोलतो. अपाचीत मॉड्यूलनुसार उत्तर बदलतं. मॉड-एफसीजीआयडी प्रोसेस स्वतः जन्माला घालतं, वाढवतं, मारतं. २.४ आवृत्तीत आलेलं मॉड-प्रॉक्सी-एफसीजीआय फक्त निरोप पोचवतं. मायक्रोसॉफ्टचा आयआयएस प्रोसेस आपल्याच ताब्यात ठेवतो आणि विंडोजच्या नेम्ड पाइपवरून तिच्याशी बोलतो.

हा फरक कागदावर बारीक वाटतो. प्रत्यक्षात नवी आवृत्ती चढवताना काय रीस्टार्ट करायचं, प्रोसेस कोणत्या युजरची, मेमरी वाढत गेली तर तिला कोण आवरणार, ही सगळी उत्तरं त्यावरच ठरतात. माझं मत सांगतो: प्रोसेस सर्व्हरच्या हाती न देता ती सिस्टिमडी किंवा पीएचपी-एफपीएमसारख्या स्वतंत्र व्यवस्थापकाकडे ठेवावी. सर्व्हर बदलावा लागला तर ॲप्लिकेशनला धक्का लागत नाही, आणि ॲप्लिकेशन पडलं तर चित्रं आणि साधी पानं तरी सर्व्हर देत राहतो. आंद्रेई निगमातुलिन यांचं एफपीएम २००४ मध्ये स्वतंत्र पॅच म्हणून सुरू झालं आणि २०१० मध्ये पीएचपी ५.३.३ मध्ये सामील झालं. त्याला इतकी पसंती मिळाली ती याच कारणाने.

दुसरा फरक पत्त्याच्या फोडीचा, आणि सर्वांत जास्त रात्री इथेच जातात. आलेल्या पत्त्याचे दोन तुकडे करायचे असतात: ॲप्लिकेशन जिथे बसवलं आहे तो भाग आणि त्याच्यापुढचा भाग. पहिल्याला स्क्रिप्ट नेम म्हणतात, दुसऱ्याला पाथ इन्फो. ही फोड सर्व्हरने करून द्यावी असा करार आहे. एंजिनएक्सला फोड कशी करायची ते रेग्युलर एक्सप्रेशन लिहून शिकवावं लागतं. लाइटटीपीडीवर ॲप्लिकेशन थेट मुळाशी बसवलं की फोड चुकते, म्हणून १.४.२३ पासून त्यासाठी खास पर्याय दिला आहे. अपाचीचं प्रॉक्सी मॉड्यूल फाइलच्या पत्त्याआधी ‘प्रॉक्सी एफसीजीआय’ अशी आपली खूण चिकटवून पाठवतं, आणि ती सोलून काढण्यासाठी पीएचपी-एफपीएममध्ये वेगळा कोड लिहिलेला आहे. आरंभी सांगितलेली ‘फाइल सापडली नाही’ ही ओळ या घोळाचीच एक तऱ्हा.

मराठी वाचकासाठी यात आणखी एक पदर आहे, आणि तो इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. पत्त्यात ते टक्केचिन्हांनी लिहिलं की दर बाइटला तीन अक्षरं लागतात. ‘पुणे’ या शब्दात काना-मात्रा धरून चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट, म्हणजे पत्त्यात छत्तीस अक्षरं. रिक्वेस्ट यूआरआय या व्हेरिएबलमध्ये ही छत्तीस अक्षरं जशीच्या तशी येतात, तर पाथ इन्फोमध्ये उलगडलेले बारा बाइट. दोन्हींची गल्लत केली की एक तर शोध रिकामा येतो किंवा पत्ता दोनदा उलगडला जातो. फास्टसीजीआयमध्ये व्हेरिएबलच्या मूल्याची लांबी १२७ बाइटपर्यंत असेल तर ती एका बाइटात लिहितात, त्यापुढे चार बाइटांत. देवनागरी पत्ता पंधरा चिन्हांतच ही हद्द ओलांडतो. ज्याने हौसेने स्वतःची लायब्ररी लिहिली आणि चार बाइटांचा प्रकार राहून गेला, त्याचं ॲप्लिकेशन इंग्रजी शीर्षकांवर छान चालेल आणि ‘ज्ञानेश्वरीची प्रस्तावना’ वर कोलमडेल. आयआयएसवर ही व्हेरिएबल्स यूटीएफ-८ मध्येच द्यावीत हे विंडोजच्या रजिस्ट्रीत मुद्दाम नोंदवावं लागतं. नाही तर ती यंत्राच्या जुन्या कोडपेजमध्ये बदलून येतात, आणि त्यात देवनागरी नसते.

तिसरा फरक विश्वासाचा. फास्टसीजीआयमध्ये ओळख पटवण्याची सोय नाही. सॉकेटपर्यंत जो पोचला तो सर्व्हर, असं ॲप्लिकेशन धरून चालतं. पीएचपी-एफपीएमचं पोर्ट ९००० इंटरनेटला उघडं राहिलं तर कोणीही स्वतःला सर्व्हर म्हणवून हवी ती स्क्रिप्ट चालवायला सांगेल, शिवाय पीएचपीच्या सेटिंग्जही पाठवेल. म्हणून एकाच यंत्रावर काम असेल तर युनिक्स सॉकेट किंवा १२७.०.०.१, आणि कंटेनरमध्ये असेल तर त्या दोघांपुरतं खासगी नेटवर्क. इतकी साधी काळजी, पण ती पहिल्या दिवशीच घ्यायची.

नंतर या क्षेत्राचा ओघ बदलला. २००५ च्या सुमारास रुबी ऑन रेल्सची संकेतस्थळं लाइटटीपीडी आणि फास्टसीजीआयवर चालवत आणि अडकून पडलेल्या प्रोसेसनी लोक जेरीला येत. २००६ मध्ये झेड शॉ यांनी मॉन्ग्रेल आणलं. ॲप्लिकेशनने स्वतःच छोटा एचटीटीपी सर्व्हर व्हावं आणि मोठ्या सर्व्हरने पुढे उभं राहून विनंती तशीच आत सोडावी. तपासायला ब्राउझर पुरतो, वेगळी हत्यारं लागत नाहीत. हा पंथ फोफावला आणि पायथन, रुबी, नोड या साऱ्या जगांत आज तोच रूढ आहे. दरम्यान २००३ चं पायथनचं डब्ल्यूएसजीआय, २००७ चं रुबीचं रॅक आणि २००९ चं पर्लचं पीएसजीआय यांनी ॲप्लिकेशनला बाहेर कोणता प्रोटोकॉल आहे याची पर्वा उरू दिली नाही. पायथनच्या जँगो या फ्रेमवर्कने १.९ आवृत्तीत फास्टसीजीआयची आपली आज्ञा काढूनच टाकली. एससीजीआय आणि यूडब्ल्यूएसजीआय हे फास्टसीजीआयचे सख्खे चुलत भाऊ आपापल्या कोपऱ्यात टिकून आहेत.

एचटीटीपीच्या पंथाने सोय मिळवली आणि सर्व्हरचं म्हणणं व पाहुण्याचं म्हणणं यांची ती वाटणी गमावली. पाहुण्याचा खरा आयपी पत्ता आता एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमधून येतो, आणि हेडर तर पाहुणाही पाठवू शकतो. कोणत्या प्रॉक्सीवर विश्वास ठेवायचा याची यादी प्रत्येक फ्रेमवर्कला ठेवावी लागते, आणि ती यादी चुकली की सुरक्षेला भोक पडतं. फास्टसीजीआय ज्याला नीट समजलं, त्याला ही यादी का लागते हे वेगळं समजावावं लागत नाही. म्हणूनच ज्यांना पुढे नोड किंवा पायथनवरच काम करायचं आहे त्यांनीही हे शिकावं असा माझा आग्रह आहे.

आणि पीएचपीच्या जगात तर हा प्रोटोकॉल रोजच्या रोज राबतो आहे. वर्डप्रेस, मूडल, नेक्स्टक्लाउड, मीडियाविकी ही सगळी सर्रास एफपीएमवर चालतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया मीडियाविकीवरच उभा आहे. विकिमीडियाने २०१९ मध्ये आपली संकेतस्थळं पीएचपी ७ वर आणली तेव्हा अपाचीच्या मागे पीएचपी-एफपीएम बसवलं. एखादा संपादक लेखात दुरुस्ती करून ती जतन करतो तेव्हा त्याचा मजकूर या आठ बाइटी मथळ्यांच्या मागून प्रवास करतो.

या पुस्तकात मी एकच छोटं ॲप्लिकेशन घेतलं आहे: सार्वजनिक ग्रंथालयाची पुस्तकनोंद आणि देवघेव. शीर्षकं मराठी, पत्ते देवनागरी, सोबत मुखपृष्ठाचं चित्र चढवण्याची सोय. चित्राची सोय मुद्दाम ठेवली आहे. पत्त्याच्या फोडीत ढिलाई राहिली तर चित्र म्हणून चढवलेली फाइल पीएचपी म्हणून चालवली जाऊ शकते. हे २०१० मध्ये एंजिनएक्सच्या कितीतरी वापरकर्त्यांना कळून चुकलं आणि पुढे एफपीएमने फक्त ‘पीएचपी’सारख्या ठरावीक प्रत्ययांच्याच फाइली चालवण्याचं बंधन घातलं. ॲप्लिकेशन दोनदा लिहिलं आहे, एकदा पीएचपीत आणि एकदा पर्लच्या कॅटलिस्ट या फ्रेमवर्कमध्ये. पीएचपी प्रत्येक विनंतीनंतर पाटी पुसते, पर्लची प्रोसेस मात्र सगळं लक्षात ठेवून जगते, आणि त्यातून निराळेच प्रश्न येतात. मायएसक्यूएल रिकामी जोडणी मूळ सेटिंगप्रमाणे २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी तोडतो. ग्रंथालय संध्याकाळी बंद झालं की सकाळच्या पहिल्या वाचकाला एरर दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही. असा दोष ज्याने शोधून काढला त्याला जिवंत प्रोसेस म्हणजे काय ते कळलं.

ही दोन ॲप्लिकेशन्स मग एंजिनएक्स, अपाची, लाइटटीपीडी आणि आयआयएस यांच्या मागे बसवली आहेत. तयार कॉन्फिगरेशन उचलून चिकटवता येईल असं पुस्तक मला लिहायचं नव्हतं. तशा फाइली दर आवृत्तीला शिळ्या होतात. भर आहे तो लॉग वाचण्यावर. लिनक्सवर एंजिनएक्सने ‘२’ हा एरर क्रमांक दिला तर सॉकेटची फाइलच नाही, ‘१३’ असेल तर परवानगी नाही, ‘१११’ असेल तर दाराशी कोणी बसलेलं नाही, ‘११’ असेल तर दाराशी रांग भरली आहे. चारही वेळा वाचकाला दिसतं ते ५०२ च. ५०४ आलं तर बहुधा दार उघडलं होतं, पण उत्तर वेळेत आलं नाही. हे भेद एकदा अंगवळणी पडले की परवानग्या ७७७ करण्याची वेळ येत नाही.

कोणता सर्व्हर किती वेगवान याचे तक्ते इथे नाहीत. ग्रंथालयासारख्या ॲप्लिकेशनचा वेळ मुख्यतः डेटाबेसमध्ये जातो, मधल्या सॉकेटवर नाही. प्रोसेस किती ठेवायच्या हा हिशेब मात्र सविस्तर केला आहे, कारण तो यंत्राच्या मेमरीवरून करायचा असतो आणि लोक तो अंदाजाने करतात. वाचकाकडे लिनक्सचं एक यंत्र हवं, व्हर्च्युअल असलं तरी चालेल, आणि टर्मिनलची भीती मोडलेली हवी. आयआयएससाठी विंडोज लागेल. ते नसेल तर तेवढा भाग सोडून पुढे जावं, बाकीच्या कशाचाही आधार त्यावर ठेवलेला नाही. कॅटलिस्ट बसवायला वेळ लागतो, म्हणून पर्ल नवीन असलेल्यांनी आधी पीएचपीची बाजू एंजिनएक्सवर पूर्ण चालवून घ्यावी आणि मग मागे यावं.